महागडं फाउंटन पेन घेताय? निब, बॉडी आणि किंमत कशी पारखायची ते सविस्तर

सोन्याची निब आहे म्हणून पेन एवढं महाग, असं जवळपास सगळे म्हणतात आणि विकणाराही तेच ऐकवतो, त्यामुळे पहिल्यांदा हा हिशोबच करून टाकू. नेहमीच्या मापाची सोन्याची निब बहुतेक वेळा एक ग्रॅमही भरत नाही, एकदम मोठी असेल तर थोडी जास्त. १४ कॅरट म्हणजे ५८.५ टक्के सोनं. म्हणजे एक ग्रॅमच्या निबमध्ये शुद्ध सोनं किती, तर ०.५८५ ग्रॅम. आजचा भाव धरा, गुणाकार करा आणि तो आकडा पेनाच्या किमतीशेजारी लिहून बघा. बहुतेक वेळा तो किमतीचा एक छोटासा तुकडा निघतो.

मग बाकीचे पैसे जातात कुठे? निबचं टोक घासणाऱ्या माणसाच्या वेळेला, बॉडीच्या मटेरियलला, सजावटीला, जाहिरातीला, शोरूमला आणि टोपणावरच्या त्या छोट्याशा खुणेला. यातलं काही लिहिताना जाणवतं, काही नुसतं बघून सुख देतं, आणि काही फक्त मीटिंगमध्ये खिशातून पेन काढताना कामाला येतं. कशालाही पैसे मोजा, तुमचे पैसे आहेत, पण कशाला किती मोजतोय ते कळलं पाहिजे एवढंच. ते कसं कळून घ्यायचं ते खाली एकेक करून लिहितोय, ज्या क्रमाने मी बघतो त्याच क्रमाने.

पेन हातात घ्यायच्या आधी: त्याचं भावंड शोधा

आवडलेल्या पेनासारखीच निब असलेलं त्याच कंपनीचं सगळ्यात स्वस्त पेन कोणतं ते आधी शोधायचं. उदाहरण घ्या पेलिकान या जर्मन कंपनीच्या एम२०० आणि एम४०० चं. आकार जवळपास तोच, शाई ओढून घ्यायची पिस्टनची पद्धत तीच, एकाचं निब युनिट काढून दुसऱ्यात आट्यांवर बसवता येतं. फरक काय, तर एम२०० ला स्टीलची निब आणि एम४०० ला १४ कॅरट सोन्याची, शिवाय एम४०० ची ती पट्ट्यापट्ट्यांची बॅरल, म्हणजे पेनाची मुख्य नळी, आणि वरची सजावट. किंमत मात्र दुपटीच्या पुढे जाते. आता तुम्हाला नेमकं माहितीय की तो वरचा पैसा सोन्याची निब, पट्टे आणि प्रतिष्ठा यांचा आहे. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या ३७७६ चंही तसंच, १४ कॅरटची तीच निब साध्या रेझिनमध्ये (म्हणजे प्लास्टिकमध्ये) मिळते, सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकमध्ये मिळते आणि लाखकाम केलेल्या बॉडीतही मिळते, किंमत चढत जाते पण कागदावर उमटणारी रेघ तीच राहते. (३७७६ हा आकडा म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. मोब्लां कंपनीच्या निबवर ४८१० कोरलेलं असतं ती मों ब्लां शिखराची पूर्वापार सांगितली जाणारी उंची. पेनवाल्यांना डोंगरांचं काय एवढं वेड आहे कुणास ठाऊक.)

बघायला जाताना सोबत न्या: १० पटीचं भिंग, मोबाइलचा टॉर्च आहेच, आणि तुम्ही रोज ज्यावर लिहिता तो कागद. हे शेवटचं विसरू नका. दुकानात जो जाड गुळगुळीत पॅड पुढे करतात त्यावर काडेपेटीची काडीसुद्धा छान लिहील.

निब: इथे घाई नको

निबवरचे शिक्के आधी वाचा. १४ कॅरट म्हणजे ५८५, १८ कॅरट म्हणजे ७५०, सेलर या जपानी कंपनीच्या काही पेनांवर २१ कॅरट म्हणजे ८७५. सोनेरी रंग आहे पण यातला कुठलाच आकडा नाही, तर बहुतेक ती स्टीलवर मुलामा दिलेली निब आहे. तसं असणं वाईट नाही, पण सोन्याच्या भावाने घेऊ नका. आणि कॅरट जास्त म्हणजे निब जास्त चांगली, हे तर पूर्ण चूक. शुद्ध सोनं मऊ असतं, म्हणून तर त्यात चांदी तांबं मिसळतात. १४ कॅरटची निब दाबली की पुन्हा जागेवर यायला बरी असते, १८ आणि २१ मऊ पडतात, जोर लावून लिहिणाऱ्याच्या हातात त्या फाकून तशाच राहू शकतात. निब किती लवचिक ते पत्र्याच्या जाडीवर, खांद्यांच्या आकारावर आणि निबच्या मधोमध पाडलेल्या चिरेच्या लांबीवर ठरतं. सोन्याच्या कितीतरी निबा खिळ्यासारख्या ताठ असतात आणि काही स्टीलच्या निबा मस्त झुलतात.

मग सोनं वापरतातच का? मूळ कारण गंज. पूर्वीची लोह असलेली आम्लयुक्त शाई साध्या स्टीलला खाऊन टाकायची, सोन्याला काही होत नसे. आजची शाई सौम्य आहे, स्टीलही स्टेनलेस आहे, त्यामुळे ते कारण जवळजवळ संपलंय आणि परंपरा उरलीय. सोन्याच्या निबवर हाताला एक हलका मऊपणा जाणवतो हे खरं, पण तो प्रत्येक निबमध्ये असतोच असं नाही, म्हणून लिहून बघितल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.

आता महत्त्वाची गोष्ट. कागदाला सोनं कधी लागतच नाही. कागदाला लागतो तो टोकावर जोडलेला कठीण धातूचा बारीकसा मणी. पूर्वी त्यात इरिडियम असायचं म्हणून आजही लोक त्याला इरिडियमच म्हणतात, पण हल्ली बऱ्याचदा दुसरेच कठीण धातू असतात, ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन वगैरेंचे मिश्रण. त्यामुळे 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असा शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो शिक्का अगदी स्वस्तातल्या पेनांवरही असतो. हा मणी जोडायचा, मग चीर पाडायची, मग घासून पॉलिश करायचं, आणि पेनाचं लिहिणं चांगलं की वाईट ते इथेच ठरतं.

भिंगाखाली काय बघायचं ते सांगतो. निब सरळ तुमच्या डोळ्याकडे टोक करून धरा. टोकाचे दोन भाग, म्हणजे चिरेच्या दोन बाजूच्या पाकळ्या, एका पातळीत हव्यात. एक वर एक खाली दिसली तर एका दिशेने लिहिताना ओरखडणार. मग निब उताणी करून उजेडासमोर धरा. चीर वरच्या भोकापासून टोकाकडे हळूहळू बारीक होत गेली पाहिजे आणि अगदी टोकाशी पाकळ्या जेमतेम टेकलेल्या असाव्यात. उलटं असेल, म्हणजे टोकाशीच फट रुंद, तर शाई टोकापर्यंत नीट पोचत नाही. आणि चीर पूर्ण आवळलेली असेल, उजेड कुठेच दिसत नसेल, तर पेन कोरडं लिहिणार. मणी दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेलाय का तेही बघा, चीर जराशी बाजूला सरकलेली असते कधीकधी, आणि हे महागड्या पेनांतही सापडतं बरं का, महाग म्हणजे तपासून पाठवलेलं हा समज सोडा.

एक दोष मात्र भिंगाखालीही पटकन दिसत नाही, तो लिहूनच कळतो. टोक जास्तच गुळगुळीत करायच्या नादात चिरेच्या आतल्या कडा गोल घासल्या जातात, मग कागदाला मणी टेकतो पण शाई टेकत नाही, मध्ये केसभर अंतर राहतं. लक्षण ठरलेलं असतं: पेन लोण्यासारखं सरकतं पण शब्दाचा पहिला फटका उमटतच नाही, दुसऱ्यांदा टेकवलं की चालतं. हलक्या हाताने, गुळगुळीत कागदावर, हळूहळू तुटक तुटक रेघा मारा, दहातल्या दोनतीन उमटल्या नाहीत तर समजून जा. लोक दुकानात गुळगुळीतपणावर भाळतात आणि हेच पेन घेऊन जातात.

उलट बाजूने, किंचित खरखर म्हणजे दोष असं नाही. सेलर आणि इटलीच्या ऑरोरा कंपनीच्या निबा मुद्दाम पेन्सिलसारखा हलका स्पर्श ठेवतात, कित्येकांना तोच आवडतो. दोष आणि स्वभाव यातला फरक कसा ओळखायचा, तर स्वभावातली खरखर सगळ्या दिशांना सारखी असते आणि दोष एकाच दिशेला बोचतो. म्हणून आडव्या, उभ्या, तिरक्या, दोन्हीकडून वळणाऱ्या रेघा मारायच्या, मोठाले इंग्रजी आठ काढायचे, आणि मग आपलं देवनागरी लिहायचं. लोक पेन ट्राय करताना फक्त सही करतात, ती हात झोपेतही करतो, त्यातून काही कळत नाही. 'क्ष', 'ज्ञ', 'ढ', 'ळ' लिहा, डोक्यावरची रेघ ओढा. निब जाड असेल तर 'ढ' चं पोट शाईने भरून जातं, आणि वर शिरोरेषा ओढताना डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ कुठे तुटते का ते दिसतं.

जाडीबद्दल एवढं लक्षात ठेवा की जपानी फाइन ही युरोपियन एक्स्ट्रा फाइनच्या आसपास येते. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची मीडियम ज्याला आवडते त्याने डोळे मिटून जर्मन मीडियम मागवली तर रेघ बघून दचकेल.

अजून एक, निब कुणी बनवली ते विचारा. पायलट, सेलर, प्लॅटिनम, ऑरोरा, मोब्लां हे स्वतःच्या निबा स्वतः करतात. बाकी पुष्कळ ब्रँड, त्यात खूप महागडेही आले, बॉक किंवा योवो या जर्मन निब कारखान्यांकडून निब घेतात आणि वर आपलं नाव कोरून घेतात. त्या निबा चांगल्याच असतात, शिवाय ६ नंबरसारख्या ठरलेल्या मापाची असली तर पुढे खराब झाल्यावर बदलणं सोपं. पण मग त्या ब्रँडच्या पेनाची किंमत बॉडीसाठी आहे हे डोक्यात ठेवूनच घासाघीस करा.

शाई कशी येते

निबखाली जो काळा खाचाखाचांचा भाग असतो, फीड, त्याचं काम दुहेरी आहे. शाई बारीक नळीतून आपोआप ओढली जाऊन टोकाकडे जाते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा उलट आत जाते. हे दोन्ही जमलं नाही तर कितीही भारी निब लावा, पेन अडखळणार. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, फीड शाईला छान धरतं म्हणून त्याचं कौतुक करतात, पण आजकालची चांगली प्लास्टिकची फीडं काही मागे नाहीत, त्यामुळे नुसतं एबोनाइट फीड आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका.

दुकानात पेन दौतीत बुडवून देतात, त्यावरून निबचा आकार कळतो, शाईचा प्रवाह अजिबात कळत नाही, कारण बुडवल्यावर फीड गच्च भरलेलं असतं आणि पहिल्या चारपाच ओळी कुठलंही पेन मस्त ओलं लिहितं. खरी परीक्षा भरलेल्या पेनाची. शक्य असेल तर भरून मागा, नाहीच दिलं तर परत करायची सोय आहे का ते विचारून घ्या आणि ही परीक्षा घरी करा: एक अख्खं पान न थांबता, भराभर लिहा, आणि पहिल्या ओळीचा रंग शेवटच्या ओळीशी ताडून बघा. फिका पडत गेला तर फीड पुरं पडत नाहीये. मग टोपण न लावता अर्धा मिनिट तसंच ठेवा आणि लिहा. सुरू झालं पाहिजे.

टोपण

याकडे कुणीच लक्ष देत नाही, आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त डोकं हेच फिरवतं. टोपण हवाबंद नसेल तर चार दिवस न वापरलेलं पेन सुरू करायला दर वेळी पाण्यात बुडवावं लागेल, मग ते १८ कॅरटचं असो की नसो. प्लॅटिनमने २०११ मध्ये ३७७६ सेंच्युरीत आतलं टोपण स्प्रिंगवर बसवून असं सील केलं की दोन वर्षं न वापरताही शाई सुकत नाही असा त्यांचा दावा आहे, आणि हे पेन काही फार वरच्या किमतीतलं नाही. त्याच्या कितीतरी पट महाग पेनं आठवड्यात कोरडी पडलेली सापडतात.

टोपण आट्यांचं आहे की खटक्याचं ते तुमच्या कामावर ठरवा, दर दोन मिनिटांनी एक शब्द लिहिणाऱ्याला आट्यांचा वैताग येतो. आट्यांचं असेल तर सहज, न करकरता फिरलं पाहिजे आणि शेवटी ठामपणे थांबलं पाहिजे. लावल्यावर हलवून बघा, खुळखुळ नको. क्लिप उचलून बघा, वाकडी तर नाही ना, आणि तिचं टोक टोपणाला मधोमध टेकतंय का.

बॉडी आणि तिचं मटेरियल

सगळ्यात जास्त बनवाबनवी इथे होते, कारण नावं भारी असतात. 'मौल्यवान रेझिन' म्हणजे शेवटी चांगल्या प्रतीचं प्लास्टिकच. चांगलं दिसतं, चकाकी टिकते, पण पडलं की तडकू शकतं. उलट लॅमी २००० हे पेन घ्या, १९६६ साली गेर्ड म्युलरने डिझाइन केलेलं, फायबरग्लास मिसळलेल्या मॅक्रोलॉन प्लास्टिकचं. कुणी त्याला मौल्यवान वगैरे म्हणत नाही. पण मागचा पिस्टनचा भाग बॅरलला जिथे मिळतो तो जोड शोधून दाखवा! बोटाला लागत नाही, डोळ्याला जेमतेम दिसतो. कारागिरी कशी बघायची याचा मला ते पेन म्हणजे धडाच वाटतो. कुठलंही पेन हातात आलं की जोड बघायचे: टोपण आणि बॅरल, रिंग आणि टोपण, धरायचा भाग आणि बॅरल. नख फिरवा, अडकतं का. चकचकीत भागावर दिव्याचं प्रतिबिंब पाडा आणि पेन हळूहळू फिरवा, प्रतिबिंब लाटांसारखं हललं तर पॉलिश घाईत झालंय. आट्यांच्या खाचांमध्ये, क्लिपच्या मुळाशी भिंग लावा, आळशी काम तिथे लपलेलं असतं.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हाताला उबदार लागतं, वजनाला हलकं, पण उन्हाने आणि पाण्याने तपकिरी पडतं. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, आत खोली असलेले रंग दुसऱ्या कशातच तसे मिळत नाहीत, पण ते ज्वलनशील, आणि बंद डबीत वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं तर खराब होऊ शकतं. व्हिस्कोंती या इटालियन कंपनीच्या होमो सेपियन्स पेनामध्ये एटना ज्वालामुखीच्या लाव्हाची पूड रेझिनमध्ये मिसळतात, हाताला जरा खडबडीत, घाम आला तरी निसटत नाही. ऐकायला जाहिरातबाजी वाटते पण धरायला खरंच वेगळं लागतं.

धातूच्या पेनांवर शिक्का शोधा. ९२५ म्हणजे स्टर्लिंग चांदी, ती काळी पडणारच, तो दोष नाही. चांदीवर सोन्याचा मुलामा वेगळा आणि पितळेवर मुलामा वेगळा, दोन्ही दिसायला सारखे. मुलामा आधी कुठे जातो, तर क्लिपच्या टोकावर आणि टोपणाच्या रिंगेवर, वापरलेलं पेन घेताना तिथे पितळ डोकावतंय का बघा.

आता उरुशी आणि माकी-ए, म्हणजे जपानी लाखकाम, जिथे किंमत खऱ्या अर्थाने आभाळाला टेकते. उरुशी हा झाडाचा चीक, तो वाळतो म्हणण्यापेक्षा दमट हवेत कडक होतो, एक थर, मग घासायचं, मग दुसरा थर, असे कित्येक थर, त्यामुळे एका पेनाला महिने लागतात. माकी-ए मध्ये ओल्या लाखेवर सोन्या-चांदीची पूड भुरभुरतात. पायलटचं मूळ नाव नामिकी, १९१८ साली सुरू झालेली कंपनी, आणि आजही नामिकी नावाने त्यांची ही पेनं निघतात. याच शैलीची छापील नक्षीची पेनंही बाजारात भरपूर आहेत आणि ती स्वस्त असतात, तेवढं ठीक, पण हाताने केलेलं म्हणून कुणी विकत असेल तर भिंग काढा. छपाईत सारख्या अंतरावरचे ठिपके किंवा एकसारख्या कडा दिसतील. हातकामात पुडीचे दाणे लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ, आणि सावलीकडे जाताना हळूहळू विरत गेलेले दिसतात. उठावाचं काम, जे ताका माकी-ए, ते बोटाला लागतं. चांगल्या कामावर बहुतेक वेळा कारागिराची सही असते. ही एक अशी जागा आहे जिथे लिहिण्याशी काडीचाही संबंध नसलेला पैसा मला पूर्ण पटतो, कारण समोर कुणाच्या तरी हाताचे महिने दिसतात.

शाई भरायची पद्धत, वजन

पद्धती अशा: कार्ट्रिज-कन्व्हर्टर (शाई भरलेली बदलायची नळी, किंवा तिच्या जागी बसणारी आणि दौतीतून भरायची छोटी नळी), पिस्टन (पेनाच्या आतलाच शाई ओढणारा दट्ट्या), व्हॅक्यूम (पोकळी करून शाई ओढणारी), आयड्रॉपर (ड्रॉपरने थेट बॅरलमध्ये शाई). पिस्टनमध्ये शाई कन्व्हर्टरच्या बऱ्यापैकी वर मावते, आणि ती यंत्रणा बनवायला खर्चही येतो, म्हणून किंमत चढणं समजू शकतं. पिस्टन पाण्यावर चालवून बघा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड हवा, मध्येच सैल मध्येच घट्ट नको. पेलिकानच्या एम८०० मध्ये पिस्टनची यंत्रणा पितळेची असते, म्हणून ते मागे जड लागतं. पायलट कस्टम ८२३ सारख्या व्हॅक्यूमवाल्या पेनात शाई भरपूर राहते, पण प्रवासात गळू नये म्हणून आत झडप आहे, जास्त वेळ लिहायचं तर मागची खुंटी थोडी सैल करावी लागते, हे माहीत नसलं की लोक पेन बिघडलं म्हणून परत पाठवतात. कन्व्हर्टर असण्यात कमीपणा काही नाही, उलट धुवायला सोपा आणि बिघडला तर नवा घालता येतो. पण खूपच महाग पेनात कन्व्हर्टर असेल तर पैसे कुठे गेले हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

वजन म्हणजे दर्जा नाही. वीस-पंचवीस ग्रॅमची उत्तम पेनं आहेत. टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्हीने पाच मिनिटं लिहा, अंगठा दुखायला लागला तर ते पेन तुमच्यासाठी नाही.

नाव, लिमिटेड एडिशन आणि परत विकायचा भाव

लिमिटेड एडिशन हे शब्द वाचले की पुढचा प्रश्न: किती नग? शंभरची आवृत्ती आणि वीस हजारांची आवृत्ती दोन्ही 'लिमिटेड'च. मोब्लांची लेखकांच्या नावाची मालिका १९९२ मध्ये हेमिंग्वेपासून सुरू झाली, हजारोंच्या संख्येने निघालेलं ते पेन आजही संग्राहक शोधतात, पण पहिलं होतं आणि दिसायला देखणं होतं म्हणून. त्यानंतर आलेल्या प्रत्येक आवृत्तीचं तसं झालेलं नाही. गुंतवणूक म्हणून पेन घेताय असं स्वतःला सांगत असाल तर थांबा, बहुतेक पेनांचा भाव डबा उघडला की खाली येतो.

भाव काढताना लोक मागतात ते आकडे बघू नका, खरेदी झालेले आकडे बघा. विकायला ठेवलेलं पेन वर्षभर त्याच किमतीला पडून असेल तर ती त्याची किंमत नाही. डबा, कागद, बिल जपा, त्याने परतीच्या भावात फरक पडतो. पेनावर स्वतःचं नाव कोरून घेतलंत तर परत विकताना मार खाल. आणि बंद पडलेल्या कंपनीचं पेन घेताना, उदाहरणार्थ इटलीची ओमास जी २०१६ मध्ये बंद झाली, सुटे भाग आणि दुरुस्ती कोण करणार हे आधीच ठरवा.

जुनं पेन घेत असाल तर

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, एवढंच सांगतो. आतली रबरी पिशवी कडक झालीय, पिस्टनचा बूच सुकलाय, शाई वाळून दगड झालीय: हे सगळं दुरुस्त होतं. टोपणाच्या ओठाला केसासारखा तडा, निबच्या भोकापासून निघालेला तडा, आणि टोकावरचा मणी झिजून एका बाजूला सपाट झालेला किंवा उडालेलाच: इथे किंमत धाडकन खाली आली पाहिजे. नुसतं 'वॉरंटेड १४ कॅरट' कोरलेलं आणि कंपनीचं नाव नसलेली निब एखाद्या नामवंत पेनात दिसली तर बहुतेक ती मागाहून बदललेली आहे. बॅरलवरची कोरीव अक्षरं पुसट झाली असतील आणि पेन मात्र नव्यासारखं चकाकत असेल तर कुणीतरी जास्तच घासलंय, संग्राहकाला ते चालत नाही. तुम्हाला फक्त लिहायचंय तर उलट स्वस्तात मिळेल. पार्कर ५१, जे १९४१ मध्ये आलं, त्याचं उत्तम उदाहरण: इतकी बनली की दुर्मिळ नाहीत, इतकी मजबूत की आजही लिहितात, झाकलेल्या निबमुळे सुकत नाहीत पटकन. १९४८ पासूनची पिळून भरायची पद्धत असलेली घेतलीत तर बऱ्याचदा नुसतं पाण्याने धुऊन सुरू होतात.

नकली माल

सगळ्यात जास्त नकला मोब्लांच्या. १४९ नावाने विकायला आलेलं पेन उघडलं आणि आत कन्व्हर्टर निघाला तर तिथेच संपलं, खरं १४९ पिस्टनचंच असतं. आतून पितळेची नळी आणि त्यामुळे वाजवीपेक्षा जास्त वजन, ही दुसरी खूण. हल्लीच्या पेनांत क्लिपच्या रिंगेवर सिरियल नंबर असतो, पण नकलांवरही नंबर असतो, म्हणून नंबर आहे म्हणजे खरं असं नाही, नंबर नसणं मात्र संशयास्पद (नव्वदच्या आधीची जुनी सोडून). टोपणावरचा पांढरा तारा कडांना स्वच्छ, मधोमध आणि सपाट बसलेला हवा. निबवरचं कोरीवकाम भिंगाखाली धारदार हवं, नकलेत ते दाबून उमटवल्यासारखं बोथट दिसतं. चुंबक लावायची युक्ती सांगतात, चिकटली तर निब सोन्याची नाहीच हे खरं, पण न चिकटणारं स्टीलही असतं, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका.

घरी आणल्यावर

भरण्याआधी कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाकून दोनतीनदा आतबाहेर करा, कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि त्याने नवं पेन अडखळतं. मग साधी, चमकी नसलेली, कुठल्यातरी नावाजलेल्या कंपनीची निळी शाई. चित्रकलेची लाखयुक्त इंडिया इंक चुकूनही नको, ती फीडमध्ये घट्ट बसली की पेन गेलं. परत करायच्या मुदतीत रोज लिहा, निदान एक पान, आणि रात्रभर ठेवून सकाळी पहिल्या फटक्यात उठतंय का ते बघा. बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत निबची जाडी बदलून देतात, ती अट बिलासोबतच्या कागदात वाचून ठेवा. आणि निब जरा बोचतेय म्हणून व्हिडिओ बघून स्वतःच बारीक पॉलिश पेपरवर घासायला बसू नका, निदान मुदत संपेपर्यंत तरी, कारण एकदा टोक घासलं की ना बदली मिळते ना वॉरंटी.